हेडसेट घेताना आधी डोळ्यांचं माप घ्या



दिवाळीची खरेदी असो, मुलाच्या निकालाचं बक्षीस असो किंवा शाळेला देणगीतून मिळालेली नवी प्रयोगशाळा असो, डोळ्यांवर बांधायचे व्हीआर हेडसेट आणि चित्र दाखवणारे चष्मे आता आपल्या घरांत आणि वर्गांत येऊ लागले आहेत. मॉलमध्ये तर दोन मिनिटांच्या खेळासाठी ते पोरांच्या डोक्यावर सर्रास चढवले जातात. दुकानदार पिक्सेल, मेमरी आणि गेम यांबद्दल भरभरून बोलतो. तुमच्या दोन बाहुल्यांमध्ये अंतर किती, तुम्हाला नंबर किती, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

म्हणून ही विनंती. ही वस्तू टीव्हीसारखी घेऊ नका, चष्म्यासारखी घ्या. टीव्ही घरातल्या कुणीही कुठल्याही खुर्चीत बसून पाहावा. हेडसेटचं भिंग मात्र डोळ्यापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवर असतं, आणि भिंगांच्या या साखळीतलं शेवटचं भिंग तुमच्या स्वतःच्या डोळ्यात असतं. आधीची भिंगं कंपनीनं ठरवलेली, शेवटचं मात्र प्रत्येकाचं निराळं. दोन्ही जुळली तर चित्र स्वच्छ दिसतं. न जुळल्यास डोकं दुखतं, मळमळतं, आणि महागाची वस्तू आठवड्याभरात कपाटात जाते. हे जुळणं कशावर ठरतं ते समजलं, तर दुकानात काय विचारायचं ते आपोआप सुचेल.

एका मिलिमीटरचा हिशेब

निकोप डोळ्याला २५ सेंटिमीटरवरचा मजकूर आरामात वाचता येतो. लहान मूल सात-आठ सेंटिमीटरपर्यंतही नजर जुळवू शकतं. पण हेडसेटमधला पडदा डोळ्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर असतो, आणि तिथे मुलाचीही नजर जुळत नाही. म्हणून मध्ये बहिर्वक्र भिंग घालतात. पडदा भिंगाच्या नाभीय अंतराच्या किंचित आत ठेवला, की पडद्यावरून निघालेले किरण दूरवरून आल्यासारखे डोळ्यात शिरतात आणि चित्र लांब असल्याचा भास होतो.

हे ‘किंचित’ किती, ते पाहा. भिंगाचं नाभीय अंतर ४ सेंटिमीटर आहे असं धरू. पडदा ३.९ सेंटिमीटरवर ठेवला, तर चित्र साधारण १५६ सेंटिमीटर अंतरावर दिसतं. तोच पडदा आणखी एक मिलिमीटर आत सरकला, तर चित्र ७६ सेंटिमीटरवर येतं. उलट तो ४.१ सेंटिमीटरवर गेला, तर किरण एकमेकांकडे झुकून डोळ्यात येतात. निसर्गातली कुठलीही वस्तू असे किरण पाठवत नाही, त्यामुळे निकोप डोळा कितीही ताणला तरी ते जुळत नाहीत आणि सगळं धूसरच दिसतं.

फोन बसवायचे स्वस्त खोके इथेच फसतात. फोनच्या कव्हरची कड वर आलेली असली, तर पडदा भिंगापासून मिलिमीटरभर लांब जातो. असा खोका वापरायचाच असेल, तर फोनचं कव्हर काढा, आणि भिंग पुढे-मागे सरकवायची सोय असलेलाच खोका घ्या.

यातूनच एक गैरसमजही दूर होतो. ज्यांना लांबचं दिसत नाही, ते म्हणतात, “पडदा तर नाकाशी आहे, मग चष्मा कशाला?” पण डोळ्याच्या दृष्टीनं पडदा नाकाशी नसतो. बहुतेक हेडसेटमध्ये चित्र दीड-दोन मीटरच्या आसपास ठेवलेलं असतं. उणे ३ नंबरच्या माणसाला चष्म्याविना ३३ सेंटिमीटरपलीकडचं स्पष्ट दिसत नाही. त्याला हे चित्रही धूसरच दिसणार, म्हणून त्यानं चष्मा लावायलाच हवा. चाळिशीवाल्यांचं नेमकं उलट आहे. वाचायचा चष्मा इथे घालू नये, लांबचा नंबर असल्यास तेवढाच ठेवावा. दोन नंबरांचा किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, तर खालचा अर्धा भाग धूसर दिसेल हे आधीच लक्षात घ्या. आणि चष्म्यासकट हेडसेट लावताना चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगाला घासणार नाही हे बघा. चरा एकदा पडला की तो जात नाही. काही हेडसेटसाठी नंबराची वेगळी भिंगं मिळतात. रोज वापरणाऱ्याला ती परवडतात.

दोन बाहुल्यांमधलं अंतर

चष्म्याच्या दुकानात पीडी मोजतात, म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांतलं अंतर. प्रौढांमध्ये ते सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण कुणाचं ५४ तर कुणाचं ७४ पर्यंतही असतं. शाळकरी मुलांचं बरंच कमी. हेडसेटची दोन भिंगं तुमच्या पीडीएवढ्या अंतरावर आली नाहीत, तर डोळा भिंगाच्या मध्यातून न बघता कडेतून बघतो. कडेला चित्र वाकतं, अक्षरांना रंगीत किनार येते, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा वाईट चित्र पाहतो.

त्याहून वाईट गोष्ट फोनच्या खोक्यात होते. समजा फोनवरच्या डाव्या-उजव्या चित्रांचे मध्य ६६ मिलिमीटरवर आहेत आणि भिंगं ६२ मिलिमीटरवर. प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटरचा फरक पडला. चार सेंटिमीटरच्या भिंगामागे दोन मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तीन अंश. लांबचं दृश्य पाहायला तुमच्या डाव्या डोळ्याला तीन अंश डावीकडे आणि उजव्याला तीन अंश उजवीकडे वळावं लागेल. डोळे नाकाकडे सहज वळतात, पण एकाच वेळी दोन्ही बाहेर वळवायची ताकद त्यांच्यात फार थोडी असते. मग चित्र दुहेरी दिसतं किंवा कपाळ ठणकायला लागतं.

तेव्हा पीडी मोजून घ्या. चष्म्याच्या दुकानात ते मिनिटभराचं काम आहे. आकडा कागदावर लिहून हेडसेट घ्यायला जाताना बरोबर न्या. आणि सरळ विचारा, “भिंगांमधलं अंतर बदलता येतं का? किती ते किती?” ज्या वस्तूत ते बदलत नाही, ती एकाच मापाची समजा. घरातल्या चारही माणसांना ती बसेल असं गृहीत धरू नका.

डोळे वळतात एकीकडे, नजर जुळते दुसरीकडे

तुम्ही हातातलं पुस्तक वाचता तेव्हा दोन गोष्टी एकदम घडतात. दोन्ही डोळे आत वळतात, आणि डोळ्यातलं भिंग फुगून नजर जवळच्या अंतराला जुळते. लहानपणापासून ही जोडी एकत्र काम करते. हेडसेट ती फोडतो. खेळातलं फुलपाखरू तुमच्या चेहऱ्यासमोर ३० सेंटिमीटरवर आलं की डोळे तेवढे आत वळतात, पण चित्राचे किरण अजूनही दीड-दोन मीटरवरूनच येत असतात. भिंग फुगलं तर चित्र धूसर, न फुगलं तर जोडीची सवय मोडते. ही ओढाताण प्रत्येक क्षणी चालू राहते, आणि थकवा त्यातूनच येतो.

हे कुणा एका कंपनीचं अपयश नाही. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांच्या स्टिरिओस्कोपनं दाखवून दिलं, की दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दिली की खोली दिसते. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये अमेरिकेत डोक्यावर बसवायचा संगणकी पडदा करून दाखवला. तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक यंत्रांमध्ये चित्राचं अंतर एकच राहिलं आहे. चित्राचं अंतर बदलणारी भिंगं प्रयोगशाळांत झाली आहेत. मॅजिक लीप या कंपनीनं २०१८ मध्ये दोन अंतरांचा चष्मा विकायलाही आणला. पण अशा भिंगांनी वजन, किंमत आणि गुंतागुंत वाढते, म्हणून ती घरोघरी पोहोचलेली नाहीत.

तोवर आपल्या हातात काय आहे? अंतर आहे. ज्या खेळांत आणि धड्यांत वस्तू हातभर किंवा त्याहून लांब राहतात, ते निवडा. सारख्या तोंडावर येणाऱ्या वस्तूंचे खेळ टाळा. वीस-पंचवीस मिनिटांनी हेडसेट उतरवा, गच्चीत किंवा खिडकीत जाऊन लांबवर बघा. उतरवल्या उतरवल्या दुचाकी चालवायला बसू नका. डोकं गरगरायला लागलं तर “सवय होईल” म्हणून रेटू नका, तिथेच थांबा.

‘थेट रेटिनावर’ म्हणजे काय

आता एका नव्या जाहिरातीविषयी. काही चष्मे चित्र ‘थेट रेटिनावर’ टाकतात असं सांगितलं जातं. तसं पाहिलं तर आपण जे जे पाहतो, त्या सगळ्याचं चित्र दृष्टिपटलावरच, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो त्यावरच पडतं. या चष्म्यांची खरी खुबी वेगळी आहे, आणि ती तुम्ही घरात पाहू शकता.

जुन्या पत्रिकेचा जाड कागद घ्या. त्याला टाचणीनं एक बारीक भोक पाडा. चांगल्या उजेडात वर्तमानपत्र डोळ्यापासून पाच-सहा सेंटिमीटरवर धरा. अक्षरं विरघळल्यासारखी दिसतील. आता तो कागद डोळ्याला अगदी चिकटवून भोकातून तीच अक्षरं बघा. ती वाचता येतील, चष्मा नसला तरी. बाहुली तीन-चार मिलिमीटरची असते. त्या रुंदीतून येणारा किरणांचा जुडगा जुळला नाही तर दृष्टिपटलावर मोठा ठिपका उमटतो. भोकानं जुडगा बारीक केला की ठिपकाही बारीक होतो, आणि नजर जुळली काय, न जुळली काय, फारसा फरक पडत नाही.

आता भोकाचा कागद दोन-तीन मिलिमीटर बाजूला सरकवा. चित्र गेलं. या तंत्राची खुबी आणि खोड दोन्ही तुम्ही एकाच कागदात पाहिलीत.

रेटिनावर चित्र टाकणारा चष्मा हेच करतो, पण प्रकाश वाया न घालवता. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन लेझरचे अगदी मंद झोत एकत्र करून ते एका इवल्याशा कंप पावणाऱ्या आरशावर टाकतात. तो आरसा झोत डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा सेकंदात अनेक वेळा फिरवतो. पुढचा वक्र आरसा किंवा भिंग सगळे झोत बाहुलीच्या मध्यावर, मिलिमीटरभर जागेत, एकत्र आणतं. तिथून ते पसरून दृष्टिपटलावर ओळीओळीनं चित्र काढतात. प्रकाश असा बाहुलीच्या एका बिंदूतून आत सोडायची रीत जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकात रंगदृष्टीच्या प्रयोगांत वापरली होती, आणि प्रकाशशास्त्रात ती आजही त्यांच्याच नावानं ओळखली जाते. लेझर फिरवून चित्र काढायचं काम १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात टॉम फर्नेस यांच्या प्रयोगशाळेनं पुढे नेलं. जपानच्या क्यूडी लेझर कंपनीनं असे चष्मे बाजारातही आणले.

खोड कुठे आहे, तेही मापून पाहू. डोळा ज्या मध्याभोवती फिरतो, त्याच्या साधारण १० मिलिमीटर पुढे बाहुली असते. नजर नुसती १० अंश बाजूला वळवली तरी बाहुली पावणेदोन मिलिमीटर सरकते. उजेडात बाहुली तीन मिलिमीटरची असेल, तर मध्यापासून कडेपर्यंत दीडच मिलिमीटर असतं. झोत बुबुळावर जाऊन पडतो आणि चित्र विझतं. उपाय दोन आहेत: बाहुलीच्या आसपास झोताच्या अनेक प्रती टाकणं, किंवा कॅमेऱ्यानं बाहुलीचा माग काढून झोत तिच्यामागे नेणं. म्हणून असा चष्मा बघताना मान न हलवता फक्त डोळे चारी बाजूंना फिरवा. चित्र टिकतं का, ते तिथेच कळेल. अरुंद झोतामुळे डोळ्यातल्या तरंगणाऱ्या कणांच्या सावल्याही ठळक दिसतात. त्यानं घाबरून जाऊ नका. पण एरवीही अचानक खूप कण किंवा चमका दिसू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. ज्यांचा कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, खडबडीत आहे, ज्यांना चष्म्यानंही नीट दिसत नाही, अशा काहींना हा बारीक झोत खरोखर उपयोगी पडू शकतो, कारण तो डोळ्याच्या पुढच्या भागातल्या दोषांना बराचसा वळसा घालतो. पण चित्र उमटवून घ्यायला दृष्टिपटल निरोगी हवं आणि ते मेंदूपर्यंत न्यायला नस शाबूत हवी. मधुमेहानं दृष्टिपटल खराब झालं असेल किंवा काचबिंदूनं नस सुकली असेल, तर कुठलाही चष्मा गेलेली नजर परत आणत नाही. असं आश्वासन देणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका. घरात मधुमेही असेल, तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्या. त्या तपासणीचा उपयोग अशा कुठल्याही चष्म्यापेक्षा मोठा आहे.

लेझरची काळजी

लेझर म्हटल्यावर आपल्याकडे लोक दचकतात, आणि त्याला कारण आहे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या कोल्हापूर, पुणे, नाशिक भागांतून आल्या, आणि पुढे पोलिसांनी अशा झोतांवर बंदीचे आदेशही काढले. डोळ्याचं भिंग समांतर झोत दृष्टिपटलावर एका बिंदूत गोळा करतं, म्हणून झोत जोरदार असला तर तिथे भाजतं.

रेटिना चष्म्यांतली शक्ती मात्र मायक्रोवॅटच्या घरात ठेवता येते, कारण जवळजवळ सगळा प्रकाश बाहुलीतच जातो. आरसा अडकून झोत एका जागी थांबला, तर लेझर बंद पडायची व्यवस्थाही असावी लागते. तेव्हा वस्तूवर लेझर सुरक्षेचा ‘क्लास १’ असा शिक्का बघा. शिक्का नसेल, निर्मात्याचं नाव नसेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि लेझर असलेला चष्मा बिघडला, तर घरी किंवा मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर तो उघडू देऊ नका.

उलटा धोकाही ध्यानात ठेवा. हेडसेट खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर भिंगं उन्हाकडे करून ठेवला, तर तेच भिंग सूर्य पडद्यावर गोळा करतं, आणि थोड्याच वेळात पडद्यावर कायमचा डाग पडतो. हेडसेट झाकून, कपाटात ठेवा.

दुकानात, घरात, शाळेत

दुकानात पिक्सेलचा मोठा आकडा ऐकून भुलू नका. निकोप नजरेला एका अंशात साधारण ६० ठिपके लागतात, त्याहून कमी असतील तर बारीक अक्षर खरखरीत दिसतं. प्रत्येक डोळ्यासाठी २,००० ठिपके १०० अंशांवर पसरले, तर एका अंशाच्या वाट्याला २० येतात. म्हणून विचारा, “एका अंशाला किती?” मग काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं लावायला सांगा. अक्षरांभोवती प्रकाशाचे फराटे दिसले, तर भिंग गोल खाचांचं, म्हणजे फ्रेनेल प्रकारचं असण्याची शक्यता मोठी. एकेक डोळा मिटून दोन्हींचं चित्र सारखं आहे का बघा. निदान दहा-पंधरा मिनिटं लावून बसा, आणि परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्या.

मुलांच्या बाबतीत निर्मात्यांनी घातलेली वयाची अट पाळा. अॅपलनं ती १३ ठेवली आहे, सोनीनं १२, मेटानं पालकांच्या देखरेखीखाली १०. लहान मुलाचं पीडी कमी असतं आणि दोन डोळे एकत्र वापरायची घडी पहिल्या सात-आठ वर्षांत बसत असते. मोठं मूल म्हणालं, “मला दोन-दोन दिसतंय” किंवा “तुम्ही म्हणता तसं काही पुढे आलेलं दिसत नाही”, तर ते नाटक करतंय असं समजू नका. एखादा डोळा आळशी असेल किंवा किंचित तिरळेपणा असेल. नेत्रतज्ज्ञाकडे न्या. लवकर लक्षात आलं तर उपचार सोपे असतात. घरात कुणाला फिट येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या माणसाला हेडसेट लावू नका.

शाळांच्या व्यवस्थापन समित्यांना हात जोडून सांगणं आहे. खरेदीच्या मागणीपत्रात तीन ओळी घाला: भिंगांमधलं अंतर तुमच्या मुलांच्या पीडीपर्यंत कमी होणारं हवं, चष्म्यासकट लावता आलं पाहिजे, आणि चेहऱ्याला टेकणारी गादी पुसता किंवा बदलता आली पाहिजे. पावसाळ्यात डोळे येण्याची साथ कशी पसरते ते आपण २०२३ मध्ये पाहिलं आहे. एका मुलाच्या डोळ्यावरचा हेडसेट न पुसता दुसऱ्याला देऊ नका. वर्गात तो लावण्याआधी प्रत्येक मुलाची नजर आणि पीडी तपासून घ्या. गावातला चष्मेवाला किंवा जवळचं नेत्ररुग्णालय हे काम एका सकाळी करून देऊ शकेल, आणि त्यात पाटीवरचं दिसत नसूनही गप्प बसलेली मुलंही सापडतील.

दुकानदारांनो, तुम्हीही एक करा. भिंगांमधलं अंतर, चित्राचं अंतर, चष्म्यासाठी जागा आणि वयाची अट या चार गोष्टी प्रत्येक हेडसेटपुढे मराठीत लिहून ठेवा. आणि वाचकांनो, त्या लिहिलेल्या नसतील तर विचारा. उत्तर मिळालं नाही, तर वस्तू तिथेच ठेवून बाहेर पडा. चार गिऱ्हाइकांनी असं केलं, की पाचव्यासाठी ती पाटी लागलेली असेल.